मदत हवी आहे : 'शक्ती' विधेयकावरील आमदारांची भाषणे कुठे मिळतील?

महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे 'शक्ती' फौजदारी कायदे विधेयक महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडले, पुढे ते संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने एकमताने संमत केले. मात्र 'एकमताने' या शब्दाआड कोणाची नेमकी भूमिका काय होती, हेच दडून जाते. बलात्कारासाठी फाशीची तरतूद आणि ३० दिवसांत तपास पूर्ण करण्याची मुदत यांवर कोणत्या पक्षाच्या कोणत्या सदस्याने शंका घेतली, हे मला मूळ शब्दांत वाचायचे आहे. वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या त्यासाठी अपुऱ्या पडतात. सभागृहाच्या कामकाजाचे मराठी इतिवृत्त आणि संयुक्त समितीचा अहवाल मिळवण्यासाठी विधिमंडळ ग्रंथालयात अर्ज करावा लागतो की माहिती अधिकाराचा मार्ग सोयीचा ठरतो, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.