सफाई कामगारांचं निर्वाह वेतन: मनपानं भार उचलावा का?

करदाता_लक्ष्मीनगर: कंत्राटी सफाई कामगारांच्या निर्वाह वेतनासाठी, म्हणजे किमान वेतनाच्या वरच्या, घर नीट चालेल एवढ्या पगारासाठी, नागपूर मनपानं वरून पैसे घालावे, ही मागणी मान्य नाही. सरकार ठरवते ते किमान वेतन द्या. बाकी कंत्राटदार अन् कामगार पाहून घेतील. आमच्या मालमत्ता करातून काऊन?

बिलतपासनीस: "कंत्राटदार पाहून घेतील" वाचलं अन् राहवलं नाही. मूळ वेतन अन् विशेष (महागाई) भत्ता मिळून महिन्याला १५,००० धरा. मालकाकडचा पीएफ १३ टक्के, १,९५०. ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के, ४८८. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. झाले १८,६८८. हातमोजे, गमबूट, झाडू, बदली माणूस, नफा अजून धरलेच नाहीत. अन् सर्वात कमी बोली अंदाजपत्रकाच्या १५ टक्के खाली आली, तर ती तूट भरते कोण? हजेरीपटावर २६ दिवस, पीएफ चलनात १५. पगार खात्यात पूर्ण पडतो, पण एटीएम कार्ड मुकादमाजवळ. विशेष भत्ता जानेवारी-जुलैत बदलतो, करारातला दर मात्र गोठलेला. म्हणून मजुरीचा आकडा निविदेत आधीच छापा. बोली फक्त कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर.

जुना_हिशेब: २०१३ त जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) ही गेला. मनपा राज्याच्या जीएसटी अनुदानावर चालते. ते लांबलं की ऐवजदारांपासून (हंगामी सफाई कामगार) पेन्शनरांपर्यंत सगळे ताटकळतात. नवा भार कुठून उचलणार ते सांगा.

बिलतपासनीस: अनुदानाचं खरं आहे. पण १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचं किमान वेतनाचं माप काढून पाहा: एका कुटुंबाला तीन उपभोग एकक (म्हणजे तीन मोठ्या माणसांचं खाणं), प्रत्येकी रोज २,७०० कॅलरी, वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के. १९९१ त सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणासाठी २५ टक्के जोडले. हे सगळं किमान वेतनाचंच माप आहे, निर्वाह वेतन त्याच्याही वर.

इतवारी_बीट: पगाराआधी कामगारांच्या मनगटावरच्या हजेरीच्या जीपीएस घड्याळाचं बोला. इतवारी-महालच्या गल्ल्यांत दोन्हीकडे तीन-तीन मजले. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, नकाशावरचा ठिपका बीटबाहेर (नेमून दिलेल्या हद्दीबाहेर) सरकतो, माणूस झाडत असतानाच गैरहजर ठरतो.

जुना_हिशेब: घड्याळ काढा, मग कागदावरची माणसं पुन्हा पगार उचलतील!

इतवारी_बीट: कागदावरची माणसं पकडायला खऱ्या माणसाचा पगार कापायचा? बीटची हद्द चारी बाजूंनी ५० मीटर वाढवा. ठिपका सरकला तर जमादारानं त्याच दिवशी वहीत नोंद करून सही द्यावी. चार्जिंग संपलं तर तोच नियम. महिना संपल्यावर तक्रार नेली तर कोणी ऐकत नाही.

करदाता_लक्ष्मीनगर: घड्याळावर वाद घालून मूळ प्रश्न टाळून राहिले तुम्ही. कामगार कंत्राटदाराचा आहे, मनपाचा नाही.

बिलतपासनीस: मुंबई पालिका हेच म्हणत होती. २०१७ त सर्वोच्च न्यायालयात हरली, २,७०० कचरा वाहतूक कामगार कायम करावे लागले. अन् कंत्राटदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं, म्हणजे कंत्राट देणाऱ्यानं, द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. म्हणजे आज वाचवलेले पैसे उद्या थकबाकी म्हणून तुमच्याच करातून जातील.

करदाता_लक्ष्मीनगर: थकबाकीचा मुद्दा मान्य करावा लागतो. मजुरी बोलीबाहेर ठेवा, चालेल. निर्वाह वेतनाची वरची भर मात्र मला अजून पटत नाही.

जुना_हिशेब: मग सेवाशुल्कालाही तळ ठेवा. शून्य टक्के भरणारा निविदेतून बादच व्हावा, नाहीतर तो मुकादमाजवळच्या कार्डांवरूनच वसूल करील. अन् बिलासोबत कामगारनिहाय पीएफ चलन हजेरीपटाशी जुळल्याशिवाय पुढची सही नको.