‘ईमान’ला मराठीत काय म्हणावे?

वेलांटी
इस्लामच्या मूळ धारणांची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच प्रकरणात अडले आहे. तिथे ‘ईमान’च्या सहा बाबी सांगितल्या आहेत: अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि कद्र, म्हणजे बरेवाईट सारे त्याच्याच निर्धाराने घडते ही मान्यता. मी सरळ ‘श्रद्धा’ असे लिहिले. मसुदा तपासणाऱ्या स्नेह्यांनी तो शब्द खोडून ‘इमान’ केला आणि समासात टीप लिहिली की, शब्द मराठीत आधीच असताना त्याचे भाषांतर कशाला? माझी अडचण अशी की, मराठी वाचकाला ‘इमान’ म्हटले की कुत्र्याचे इमान किंवा खाल्ल्या मिठाला जागणे आठवते. ‘फरिश्त्यांवर इमान ठेवणे’ हे आपल्याला मराठी वाटते का?

अनुस्वार
वाटत नाही. ‘श्रद्धा’ हा स्वच्छ, सर्वांना कळणारा शब्द आहे, तोच ठेवावा. परके शब्द जसेच्या तसे उचलायचे असतील, तर त्याला अनुवाद कशासाठी म्हणायचे? शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो याच विचाराने.

कोशकिडा
राज्यव्यवहारकोश कारभारातल्या फारसी शब्दांसाठी होता. धर्मसंज्ञांचा प्रश्न वेगळा आहे. शिवाय परके म्हणायचे तरी कोणाला? ‘नमाज’, ‘रोजा’, ‘पैगंबर’, ‘फरिश्ता’ हे सगळे शब्द फारसीतून आलेले आहेत. अरबीत त्यांना अनुक्रमे सलात, सौम, रसूल किंवा नबी, आणि मलक म्हणतात. म्हणजे धर्माने स्वतःच वाटेत भाषा बदलली आहे, आणि शुद्धतेचा आग्रह आपण शेवटच्या मुक्कामावर धरून बसलो आहोत.

‘श्रद्धा’विषयी माझी शंका दुसरी आहे. आजच्या मराठीत हा शब्द ‘अंधश्रद्धे’च्या समोर उभा असतो, आणि त्याचा सगळा व्यवहार मनात चालतो. ईमानाच्या व्याख्येत मात्र अंतःकरणाने सत्य मानणे (तस्दीक), जिभेने कबुली देणे (इकरार) आणि कृती (अमल) या तिन्हींची चर्चा होते. इस्लामी धर्मशास्त्राचे मोठे आचार्य इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेत कृती हा ईमानाचा घटक मानत नाहीत. इमाम मालिक, शाफिई आणि अहमद बिन हंबल यांच्या मते कृतीही ईमानातच येते, आणि म्हणून ईमान वाढते आणि घटतेही. गंमत म्हणजे ‘इकरार’चा भाऊ ‘करार’ आणि ‘अमल’चा मराठी अवतार ‘अंमल’ आपल्याकडे रोजच्या वापरात आहेत. ‘अंमलबजावणी’ लिहिताना आपण ‘अमल’च लिहीत असतो.

साधा_वाचक
मग ‘तसदी’ हा शब्द ‘तस्दीक’वरून आला असेल का? खातरजमा करायची म्हटले की तसदी पडतेच.

कोशकिडा
नाही. तो अरबी ‘तस्दीअ’वरून आला आहे, म्हणजे डोकेदुखी देणे. तुमची व्युत्पत्ती चुकीची असली तरी अनुभवाला धरून आहे.

हिरवी_शाई
मी मुसलमान घरात वाढले आणि आमची बोलण्याची भाषा मराठीच आहे, म्हणून थोडे लिहिते. माझी आजी रस्त्यात फुटक्या बाटलीची काच दिसली की थांबायची, गुडघे दुखत असले तरी वाकायची, तुकडे पदराच्या टोकात गोळा करायची आणि कडेला खड्डा करून पुरायची. आम्ही कंटाळून हाका मारू लागलो की म्हणायची, “हेसुद्धा ईमानच आहे.” मोठी झाल्यावर कळले की ती एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, सांगत होती: ईमानाच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत (काही कथनांत साठहून अधिक), त्यांतली सर्वोच्च म्हणजे ‘अल्लाहखेरीज कोणी पूज्य नाही’ हे म्हणणे, सर्वांत खालची म्हणजे वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणे, आणि लज्जा हीसुद्धा ईमानाची एक शाखा आहे. आता ‘काच उचलणे हीसुद्धा श्रद्धाच आहे’ असे म्हणून पाहा. वाक्य लंगडते.

क्रियापदाविषयीही सांगते. आम्ही ईमान ‘ठेवत’ नाही, ‘आणतो’. कुराणात (49:14) वाळवंटातले अरब ‘आम्ही ईमान आणले’ म्हणतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते की ‘आम्ही स्वाधीन झालो’ असे म्हणा, कारण ईमान अजून तुमच्या हृदयांत शिरलेले नाही. इथे दोन्हीकडे ‘श्रद्धा’ घातली, तर या आयतीतला भेदच वाहून जाईल.

वेलांटी
‘आणणे’ हे मला सुचलेच नव्हते. मराठीत अवसान आणतात, मनात आणतात, त्यामुळे ते अगदीच उपरे वाटणार नाही. परंतु मग मराठी ‘इमान’ आणि हे ‘ईमान’ असे दोन वेगळे शब्द मानायचे का?

हिरवी_शाई
माझ्या मते दोन नाहीत. अलिफ, मीम, नून या एकाच धातूपासून अमन, अमानत, अमीन, मोमीन आणि ईमान हे शब्द झाले. पैगंबरांना मक्केत ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. सीरत-परंपरेत, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रांत, असे सांगतात की विरोधकसुद्धा आपल्या ठेवी त्यांच्याकडेच ठेवत, आणि 622 मध्ये मदीनेला निघताना त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी आपले चुलतभाऊ हजरत अली यांना मागे ठेवले. ज्यांनी गाव सोडायला लावले त्यांचीही ठेव बुडवली नाही. मराठीतले ‘इमान’ याच बाजूचे आहे. आपण भरतो ती ‘अनामत’ रक्कम, तीही याच ‘अमानत’ची, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीची.

अनुस्वार
हे मला पटत नाही. अनामत म्हणजे ‘अ-नाम’, ज्यावर अजून कोणाचे नाव पडलेले नाही ते धन. शब्द सरळ संस्कृत दिसतो.

कोशकिडा
मग शेवटचा ‘त’ कुठून आला? हा उघड वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची अदलाबदल, आहे: ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते, ‘मतलब’चे ‘मतबल’ होते, तसेच ‘अमानत’चे ‘अनामत’. शिवाय अनामतीवर नाव असतेच, ठेवणाऱ्याचे.

साधा_वाचक
पुढच्या प्रकरणात ‘जकात’ येणार असेल, तिचे काय करणार? ती वाचली की माझ्या डोळ्यांसमोर नाक्यावरची मालगाड्यांची रांग येते.

हिरवी_शाई
ती मात्र तशीच ठेवावी आणि खुलासा करावा. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती एक चांद्रवर्ष हाती राहिली, तर रोकड, सोने-चांदी आणि व्यापारी माल यांचा चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा. आणि तो कोणाला द्यायचा ते आठ वर्ग कुराणात (9:60) सांगितलेले आहेत. ‘जकात’ शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ शुद्ध होणे आणि वाढणे असा आहे. ‘दान’ म्हटले तर देणाऱ्याचा मोठेपणा डोकावतो, आणि जकात तर घेणाऱ्याचा हक्क मानली जाते.

अनुस्वार
‘अनामत’विषयी मी स्वतंत्र प्रश्न मांडणार आहे. वर्णविपर्ययाचे नाव घेतले की काहीही सिद्ध करता येते.

वेलांटी
सर्वांचे आभार. तूर्त असे केले: संज्ञा म्हणून दीर्घ ‘ईमान’, क्रियापद ‘आणणे’, आणि निष्ठेच्या अर्थी ह्रस्व ‘इमान’. मसुदा काल परत आला. स्नेह्यांनी तेराच्या तेरा ठिकाणी दीर्घ ‘ई’ लाल शाईने ह्रस्व केली आहे आणि समासात ‘शुद्धलेखन’ असे लिहिले आहे.