स्टोरेज घ्यायचंय, तीन कोटेशन हातात आहेत, कोणाचं घेऊ? (कोल्हापूर)

शिरोलीकर
नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आयटी बघतो, आयटी म्हणजे मी आणि एक पोरगा, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं आम्हीच. सहा वर्षांपूर्वीच्या स्टोरेजचा (सगळ्या सर्व्हरचा डेटा ठेवणारा डिस्कांचा बॉक्स) सपोर्ट संपत आलाय आणि पुढं वाढवून मिळणार नाही म्हणतात. डेटा सगळा मिळून ४८ टीबी, त्यात ईआरपीचा (कंपनीच्या हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, पस्तीसेक व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे व्हर्च्युअल कॉम्प्युटर), डिझाइनवाल्यांच्या कॅड फाइली आणि कास्टिंगच्या एक्सरे इमेजेस, ह्या इमेजेसच २० टीबीच्या वर गेल्यात कारण कस्टमर म्हणतो पंधरा वर्षं ठेवा. तीन कंपन्यांची कोटेशन आलीत, नावं लिहीत नाही, पार्टनर लोक (कंपन्यांचा माल विकणारे डीलर) पण इथं वाचत असतात. एकात ७.६८ टीबीचे १२ एसएसडी आहेत आणि खाली लिहिलंय ‘इफेक्टिव्ह २५० टीबी’. मालक म्हणतात सगळ्यात स्वस्त कोणतं ते सांग आणि ३१ मार्चच्या आत बसव. तुम्ही काय वापरता, सांगा की.

जुना_स्टोरेजवाला
आधी ते २५० खोडा. १२ गुणिले ७.६८ म्हणजे ९२ टीबी, त्यातले दोन डिस्क पॅरिटीला (डिस्क गेला तर डेटा परत बनवायला) आणि एकाची जागा स्पेअरला, उरले नऊ, म्हणजे ६९ टीबी. हे कंपनीचे टीबी, हजाराच्या पटीतले, तुमचं विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं तिथं ते साधारण ६३ दिसणार. ह्या ६३ ला चाराने गुणलं की झाले २५०. म्हणजे डेटा चौपट दाबला जाईल असं गृहीत धरलंय. व्हीएमचा चांगला दाबला जातो कारण पस्तीस ठिकाणी तेच विंडोज पडलेलं असतं, डेटाबेसचाही बऱ्यापैकी, पण एक्सरे इमेजेस आधीच कॉम्प्रेस्ड असतील तर त्या दीडपट पण दबणार नाहीत आणि एन्क्रिप्टेड काही असेल तर शून्य. तुमचा जवळजवळ निम्मा डेटा तोच आहे राव. चौपट म्हणतात ना, मग ती गॅरंटी पीओत (पर्चेस ऑर्डरीत) लिहून घ्या आणि कमी भरलं तर डिस्क फुकट देणार असंही त्यातच लिहा. आणि बारीक अक्षरातलं वाचा, इमेज आणि व्हिडिओ गॅरंटीत धरत नाहीत बहुतेक ठिकाणी.

खरं तर त्या इमेजेस फ्लॅशवर (म्हणजे एसएसडीवर) ठेवायच्याच कशाला? साध्या फिरत्या डिस्कवर ठेवा, नाहीतर जुन्या वर्षांच्या टेपवर, एलटीओ ९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतात. फक्त मोठे फिरते डिस्क घेतलेत तर रेड ५ (एकच डिस्क गेलेला चालतो) करू नका. १६ टीबीचा डिस्क १०० एमबी सेकंदाने रिबिल्ड व्हायला ४४ तास लागतात आणि तेवढ्यात दुसरा गेला की बसा बोंबलत. रेड ६ च, त्यात दोन गेले तरी चालतं.

नाशिकची_आयटीवाली
आमचं हॉस्पिटल आहे त्यामुळे इमेजेसचं दुःख सेम. एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, ब्लॉक (सर्व्हरला नुसता कच्चा डिस्क दिसतो) आणि फाइल (थेट शेअर फोल्डर मिळतो) हा फरक कोटेशन बघायच्या आधी क्लिअर करा. डेलचं एमई५, एचपीईचं एमएसए, आयबीएमचं फ्लॅशसिस्टम ही ब्लॉकवाली आहेत, म्हणजे कॅडच्या शेअर फोल्डरसाठी वर एक विंडोज फाइल सर्व्हर तुम्हालाच चालवावा लागणार. नेटॲपमध्ये दोन्ही एकाच बॉक्सात येतं, डेलच्या पॉवरस्टोअर टी मध्येही फाइल आहे. ब्लॉकवालं घेणं चूक नाही हं, स्वस्त पडतं, पण त्या सर्व्हरचं पॅचिंग दोन माणसांत कोण करणार हे बघा. आमच्याकडे नेटॲप आहे. रेडिओलॉजीवाल्याने फोल्डर उडवला तर तो स्वतःच प्रीव्हियस व्हर्जनमधून परत काढतो, मला फोन येत नाही, माझ्यासाठी तेवढ्यात पैसे वसूल.

आणि रॅन्समवेअरचं (डेटा लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) विचारलंत का? ॲडमिनचा पासवर्ड गेला तरी मुदतीआधी डिलीट होणार नाहीत असे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती) आता बहुतेकांकडे मिळतात, प्युअर (हीपण स्टोरेज कंपनी) त्याला सेफमोड म्हणतं, आयबीएम सेफगार्डेड कॉपी, नेटॲपमध्ये स्नॅपलॉक आहे. लायसन्स किमतीत धरलंय की वेगळं, हे मेलवर लिहून मागा, फोनवर सगळेच हो म्हणतात. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, तो बॉक्सच जळाला तर काय?

रात्रपाळी
ब्रँडवर भांडू नका, सपोर्टवर भांडा. आमच्याकडे एका कंपनीचं होतं (नाव नाही घेत), चार तासांचा सपोर्ट म्हणून पैसे घेतले, शनिवारी रात्री कंट्रोलर (बॉक्सचा मेंदू, असे दोन असतात) गेला तेव्हा कळलं की चार तासांत फोन येतो, पार्ट नाही. पार्ट आला सोमवारी दुपारी. दुसऱ्या कंट्रोलरवर चाललं म्हणून वाचलो, पण ते दोन दिवस मी घरी गेलो नाही. तेव्हा विचारा, पार्ट कुठल्या गोडाऊनात आहे? पुण्यात असेल तर कोल्हापूर २३० किलोमीटर, त्यात खंबाटकी. इंजिनिअर कंपनीचा का पार्टनरचा? फेल झालेला डिस्क परत द्यावा लागतो का ठेवता येतो? तुमच्या ड्रॉइंग त्या डिस्कवर आहेत, कस्टमरला काय सांगणार?

अजून एक, हसाल, पण रॅकची खोली (डेप्थ) मोजा. आतून.

सॅन_होजेकर
मी नऊ वर्षं विकणाऱ्यांच्या बाजूला काढली आहेत, आता तिकडे नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. ३१ मार्चची घाई तुमच्या मालकांची आहे, विकणाऱ्याची असेलच असं नाही. डेलचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटाला संपतं, नेटॲपचं एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, एचपीईचं ३१ ऑक्टोबरला. ह्यावरून काढा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नेटॲपचं वर्ष संपतंय, एचपीईचा क्वार्टर संपतोय आणि डेलचाही त्याच सुमाराला. तुम्ही मार्चमध्ये सही केलीत तर तिघांपैकी कोणाच्याच विक्रीचं टार्गेट गळ्याशी आलेलं नसतं. मालकांना तेवढा एक महिना थांबवता आलं तर बघा (आयबीएम मात्र मार्चअखेर क्वार्टर मोजतं).

दुसरं म्हणजे चौथं वर्ष. पहिल्या तीन वर्षांचा सपोर्ट हार्डवेअरच्या डिस्काउंटमध्ये मुरवलेला असतो, म्हणून किंमत गोड दिसते. चौथ्या वर्षी रिन्यूअलचा आकडा येतो तेव्हा तुमचा डेटा आत अडकलेला असतो आणि समोरच्याला ते माहीत असतं. त्यामुळे चौथ्या-पाचव्या वर्षाचा भाव आणि पुढे घ्यायच्या डिस्कचा भाव आजच्याच पीओत टाकून घ्या. प्युअरचं एव्हरग्रीन ह्याच दुखण्यावर निघालंय, दर तीन वर्षांनी नवा कंट्रोलर देतात, पण कुठला प्लॅन ते बघा आणि सबस्क्रिप्शन सोडलंत की तो विषय संपला. तुमच्या साइझला महाग वाटेल कदाचित.

आणि एकाच कंपनीच्या तीन पार्टनरांना बोलावू नका. जो आधी कंपनीकडे तुमचं नाव नोंदवून डील रजिस्टर करतो त्यालाच स्पेशल भाव मिळतो, बाकीचे दोघं नुसती तुमची करमणूक करतात.

जुना_स्टोरेजवाला
@सॅन_होजेकर हे आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर! शिरोलीकर, तुम्ही लोड मोजलाय का? लोड मोजायचं लाइव्ह ऑप्टिक्स सॉफ्टवेअर फुकट आहे, डेलचंच आहे पण दुसऱ्यांच्या मशीनवरही चालतं, आठवडाभर लावून ठेवा आणि त्यात महिनाअखेर येऊ द्या. डेमो युनिट आलं तर टेस्ट तुम्ही करा, त्यांच्या माणसाला करू देऊ नका. नुसती शून्यं लिहून टेस्ट केली की डीड्यूप (तोच डेटा एकदाच साठवायची सोय) सगळं गिळतं आणि आकडे भन्नाट येतात. तुमचे खरे एक्सरे टाका, आणि चालू लोडमध्ये एक कंट्रोलर खेचून बघा.

व्हीएमवेअर (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) ठेवताय का? २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने घेतल्यापासून कायमचं लायसन्स बंद, सगळं सबस्क्रिप्शन. उद्या प्रॉक्समॉक्ससारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरलं तर हा बॉक्स तिकडे सपोर्टेड आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा.

शिरोलीकर
सगळ्यांना लई धन्यवाद, उशिरा लिहितोय, महिनाअखेर होऊ दिली. लाइव्ह ऑप्टिक्स लावलं. दिवसा तीन-साडेतीन हजार आयऑप्स (सेकंदाला किती वेळा वाचलं-लिहिलं ते), पीक ११ हजार, तोही शनिवारी रात्री बॅकअप चालतो तेव्हा. कोटेशनवाल्यांनी दोन लाख आयऑप्स दाखवलेले, कशाला ते त्यांनाच ठाऊक. २५० वाल्याला गॅरंटी लिहून मागितली तर दोन दिवसांनी नवीन कोटेशन आलं, त्यात १२५ लिहिलंय. इमेजेस वेगळ्या फिरत्या डिस्कवर न्यायचं ठरतंय, त्यामुळे फ्लॅशचा बॉक्स लहान झाला आणि मालक खूश. नाशिकच्या ताई म्हणाल्या तसं फाइल आणि ब्लॉक एकत्र असलेल्याच दोन कंपन्या ठेवल्यात. दोघांनाही विचारलं पार्ट कुठून येणार, एक म्हणाला पुण्याहून, दुसरा म्हणाला विचारून सांगतो, अजून विचारतोच आहे. एप्रिलपर्यंत थांबायला मालक तयार झालेत.

@रात्रपाळी दादा, रॅक मोजला. ८०० मिलिमीटरचा निघाला आणि डेमो युनिट दाराबाहेर चार बोटं येतंय. आता रॅक कोणाचा घेऊ तेवढं सांगा.