मदत हवी आहे: ईमेल ब्राउझरमध्ये बघावे की संगणकावरच्या प्रोग्राममध्ये?

पिंपळपान
आजच ठरवायचंय म्हणून थेट विचारते. संगणक बदलतेय. आतापर्यंत मेल प्रोग्राममध्ये बघायचे. नव्यावर सगळं परत बसवण्यापेक्षा ब्राउझरमध्येच लॉगिन करावं असं वाटतंय. पण वेबवर जाऊन बघितलं तर इनबॉक्समध्ये थोडेच मेल आहेत, जुनं काही नाही. सेंटमध्ये एकही नाही. कामाचा सगळा पत्रव्यवहार त्यात आहे. वेब चांगलं की प्रोग्राम? लवकर सांगा, जुना संगणक उद्या एकांना द्यायचाय.

खटपट्या
वेब! मेलसाठी वेगळं काही इन्स्टॉल करायचे दिवस गेले. कुठेही बसा, पासवर्ड टाका, मेल समोर. बॅकअप सेवावाले बघतात, शोधही सर्व्हरवरच होतो.

जुनाजाणता
थांबा. कोणता प्रोग्राम? मेल सेवा कुठली? खातं पॉप (मेल तुमच्या संगणकावर उतरवून घेणारं) की आयमॅप (मेल सेवेच्या संगणकावरच, म्हणजे सर्व्हरवर ठेवणारं)? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. आणि तोवर जुना संगणक हातचा सोडू नका.

अबोली
पासवर्ड घेत नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड आता बाहेरच्या प्रोग्रामला चालत नाही.

जुनाजाणता
अबोलीताई, पासवर्डचं त्यांनी काही विचारलंच नाहीये. शिवाय थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रामला ॲप पासवर्डही लागत नाही, ओऑथनं, म्हणजे सेवेच्याच लॉगिन पानावरून, थेट लॉगिन होतं.

नदीकाठ
खटपट्या, इंटरनेट बंद पडलं की तुमचं वेब कुठे जातं? माझी तीन खाती एकाच खिडकीत दिसतात, जुनं पत्र नेट नसतानाही उघडतं. आणि बॅकअप सेवावाले बघतात म्हणजे काय? खातं बंद झालं, जागा भरली, तर? जीमेलची फुकट १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटो धरून आहे. फोटोंनी ती भरली की नवे मेल यायचे थांबतात.

खटपट्या
आणि तुमची हार्ड डिस्क गेली तर? प्रोग्राम वापरणाऱ्यांपैकी किती जण खरोखर प्रत काढून ठेवतात? पॉप वगैरे तर फार जुनाट प्रकार.

जुनाजाणता
आयमॅपही काही कालचं नाही. मार्क क्रिस्पिन यांनी ते १९८६मध्ये स्टॅनफर्डला तयार केलं. पॉप १९८४चं. वयाचा इथे संबंध नाही. मेलची मूळ प्रत कुठे राहते, एवढंच बघायचं.

पिंपळपान
थंडरबर्ड आहे. मेल कामाच्या स्वतःच्या डोमेनचा, जीमेल नाही. पॉप-आयमॅप कुठे दिसतं? आणि कृपया वाद नंतर घाला.

जुनाजाणता
अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९५ असेल तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप.

पिंपळपान
९९५. खाली 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर टिक आहे आणि त्याखाली १४ दिवस लिहिलंय.

जुनाजाणता
मग उलगडा झाला. प्रोग्राम मेल उतरवून घेतो आणि १४ दिवसांनी सर्व्हरवरचा काढून टाकतो. वेबवर दिसतात ते फक्त ह्या पंधरवड्यातले. तुम्ही पाठवलेले मेल तर पॉपमध्ये सर्व्हरवर जातच नाहीत, त्यांची प्रत तुमच्या डिस्कवरच राहते. म्हणजे जुना पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी आहे: उद्या देऊन टाकायच्या संगणकावर.

नदीकाठ
बाप रे. ताई, आधी प्रोफाइलची, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरची, प्रत घ्या. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडतो. थंडरबर्ड बंद करून तो फोल्डर आख्खा बाहेरच्या डिस्कवर टाका.

अबोली
विषयांतर होतंय, पण माझ्या जुन्या मेलमधलं मराठी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांसारखं दिसतं. काही उपाय?

नदीकाठ
ते यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) लिहिलेलं चुकीच्या एन्कोडिंगमध्ये वाचलं जातंय. व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग करून बघा. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र मूळ अक्षरं आधीच गेली.

पिंपळपान
प्रत घेतली. फोल्डर ११ जीबीचा आहे. वेबमेलची मर्यादा ५ जीबी. मग वेबवर जायचंच नाही का?

जुनाजाणता
आधी फाइल मेनूतून कॉम्पॅक्ट फोल्डर्स करा. डिलीट केलेले मेलही तोपर्यंत फाइलमध्ये जागा अडवून बसतात. मग तेच खातं आयमॅपनं पुन्हा जोडा. सर्व्हरवर 'जुने' नावाचा नवा फोल्डर करा आणि त्यात लागणारी अलीकडची वर्षं कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी.

ह्यात एक धोका आहे, तो नीट वाचा. जुने मेल सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये टाकू नका. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो. तो ते नवे समजून परत उतरवेल आणि १४ दिवसांनी सर्व्हरवरून पुसून टाकेल. पॉप खात्याचं आपोआप मेल तपासणं आत्ताच बंद करा, सुरू होतानाचं आणि दर काही मिनिटांचं, दोन्ही.

उरलेलं थंडरबर्डच्या डिस्कवरच्या फोल्डर्समध्येच राहू द्या, नव्या संगणकावर प्रोफाइलसोबत येईल. रोजचं काम वेबवर करा, जुनं शोधायला थंडरबर्ड उघडा. आयमॅपमुळे दोन्हीकडे एकच दिसेल.

खटपट्या
म्हणजे शेवटी वेबच!

नदीकाठ
आयमॅपमध्ये एकीकडे डिलीट केलं की सगळीकडून जातं, हेही सांगा ना त्यांना. तो बॅकअप नव्हे. बाहेरच्या डिस्कवरची प्रत मोडू नका.

पिंपळपान
कॉम्पॅक्ट केल्यावर ७ जीबी झालं. सेंटपासून कॉपी लावली आहे, हळूहळू चाललंय. संगणक नेणाऱ्यांना उद्या येऊ नका म्हणून कळवलं. जुनाजाणता, नदीकाठ, मनापासून आभार.

जुनाजाणता
घाई करू नका. नव्या संगणकावर ती प्रत उघडून सर्वांत जुना मेल आणि त्याची जोडलेली फाइल उघडते का बघा. ते झाल्यावरच जुन्याची डिस्क पुसायला घ्या.