मदत हवी आहे: वादळानंतर गल्फची मासळी घेताना काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्लोरिडात सॅरासोटाजवळ, मेक्सिकोच्या आखाताच्या (गल्फच्या) किनाऱ्यावर राहतो. यंदा (२०२४) २६ सप्टेंबरला हेलीन चक्रीवादळ लांबून गेलं तरी समुद्र गावात शिरला. त्यातून सावरतोय तोवर ९ ऑक्टोबरला मिल्टन वादळ थेट इथल्या सिएस्टा की बेटावर धडकलं. वीज आली, शाळा भरू लागल्या, पण आमच्या मासळीवाल्याने आता कुठे दार उघडलंय. फ्रीजर, बर्फाचं यंत्र, वजनकाटे, सगळंच पाण्यात होतं.

घरात कालवं आणि तिसऱ्यांवर जीव टाकणारी माणसं आहेत. खाडीत सांडपाणी गेलंय म्हणतात, मग नीट शिजवून खाल्लं तर चालेल का?

दुसरी शंका कोळंबीची. एका दुकानात ‘गल्फची ताजी कोळंबी’ अशी पाटी दिसली. इकडच्या बोटी दुरुस्तीला लागल्यात, मग ही आली कुठून? विचारलं तर दुकानदार नुसता हसला. आपल्याच आंध्रची, तळ्यात वाढवलेली वनामी कोळंबी गल्फच्या भावाने घ्यायची नाही मला! ती वाईट असते असं नाही, पण आत्ता पैसे इथल्या मच्छीमारांच्या हातात पडावेत असं वाटतं.

(‘वर्षभर मासे बंद करा’ हा सल्ला मिळून झालाय. तो नको.)

प्रतिसाद १

पोहणारे मासे आणि शिंपल्यातले जीव यांचा हिशोब वेगळा. कालवं-तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. म्हणून वादळानंतर राज्य सरकार त्यांची क्षेत्रं बंद करतं आणि पाणी तपासूनच उघडतं. शिजवल्याने व्हिब्रिओ जिवाणू मरतात. रेड टाइडचं (समुद्रात माजणाऱ्या विषारी शेवाळाचं) विष मात्र शिजवून जात नाही, तेव्हा स्वतः खाडीतून काढून आणू नका. दुकानात पोत्यावरचा टॅग दाखवा म्हणावं. त्यावर कुठून आणि कधी काढली ते असतं, आणि पोतं संपल्यावरही तो ९० दिवस जपून ठेवावा लागतो. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान. कच्ची कालवं, विशेषतः यकृताचा आजार असणाऱ्यांनी, अजिबात नकोत.

कोळंबीची पाटी खरीही असेल. गल्फ म्हणजे टेक्सासपर्यंतचा किनारा, तिथल्या बोटी चालू आहेत. सुपरमार्केटला मूळ देश आणि समुद्रातली की तळ्यात वाढवलेली हे लिहिणं सक्तीचं आहे, पण निव्वळ मासळीच्या दुकानांना आणि हॉटेलांना त्यातून सूट आहे. म्हणून थेट विचारा: बोट कुठल्या बंदराला लागली? आणि ‘फ्रोझन’ला नाक मुरडू नका. बऱ्याच बोटी कोळंबी समुद्रातच गोठवतात.

प्रतिसाद २

स्टोन क्रॅब खेकड्याच्या नांग्या घ्या की! हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे. सापळे ५ ऑक्टोबरपासून पाण्यात टाकता येतात आणि चारच दिवसांत मिल्टन आलं, त्यामुळे यंदा महाग पडल्या तर घासाघीस करू नका. स्वस्तात हवं असेल तर मलेट, म्हणजे आपली बोय. ती छोट्या होडीतून फेकजाळ्याने धरतात, मोठा ट्रॉलर लागत नाही. थंडी पडू लागली की गाबोळीची बोय येते.

धागाकर्ती

टॅगचं ठाऊकच नव्हतं, शनिवारी मागते. बोय इथे खवले काढून, साफ करून देतात का?