मधली पाच वर्षं विसरू नका
'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा अमेरिकी टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम १९७५ पासून सलग निर्माता लॉर्न मायकल्सच चालवतोय, असं कुणीतरी लिहिलंय. अहो, मधली पाच वर्षं कुठे गेली? १९८० साली तो बाहेर पडला, सोबत सगळी गाजलेली मंडळीही. निर्मितीची सूत्रं आली जीन डूमेनियन या बाईंकडे आणि कार्यक्रम असा काही घसरला की वर्षभराच्या आत बाईंना जावं लागलं. पण त्याच पडत्या काळात एकोणीस वर्षांचा विनोदवीर एडी मर्फी आत शिरला. पुढे नवा निर्माता डिक एबरसोलच्या हाताखाली कार्यक्रम तगला तो बराचसा या पोराच्या जिवावर, असं माझं स्पष्ट मत. मायकल्स परतला थेट १९८५ मध्ये.

मुळात हा कार्यक्रम सुरू झाला जॉनी कार्सनमुळे, म्हणजे रात्रीच्या 'टुनाइट शो'च्या सूत्रधारामुळे. एनबीसी ही वाहिनी शनिवार-रविवारी त्याच्याच शोचे जुने भाग दाखवायची. ते बंद करा, मी मधल्या वारी सुट्टी घेईन तेव्हा लावा, असा त्याचा हट्ट. मग शनिवारची रात्र भरायला ही नवखी पोरं आणली! ११ ऑक्टोबर १९७५ च्या पहिल्या भागाचा यजमान होता विनोदवीर जॉर्ज कार्लिन, आणि गंमत म्हणजे प्रहसनांत तो कुठेच नव्हता.