१ मेला एसी बंद पडला, म्हणून मेकॅनिक माजलेला कसा ठरतो?

धंतोलीकर (धागाकर्ता)

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली: "कामगार दिनाच्या नावाखाली एसीवाले घरी बसलेत. एकाने फोन उचलला नाही, दुसरा परवा येतो म्हणाला, तिसरा दुप्पट मागतो. नागपुरात ४५ डिग्रीत माणसं भाजून निघतायत आणि यांना सुट्टी सुचते. माज आलाय नुसता." खाली भराभर अंगठे उमटले. मला राहवेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पोस्ट टाकणाऱ्याचा तो एसी मी पाहिलेला आहे. २०१० च्या आसपासचा, आर-२२ या जुन्या प्रकारच्या गॅसचा. आउटडोअर युनिट गच्चीवर पश्चिमेच्या अंगाला, वर सावलीचा पत्तासुद्धा नाही. कंडेन्सरच्या जाळीत समोरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ आणि कबुतरांची पिसं यांचा थर बसलाय. घरातली उष्णता या जाळीतून बाहेरच्या हवेत सोडायची असते. हवाच ४५ ची आणि जाळी बुजलेली, तर प्रेशर चढणार, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढणार आणि ओव्हरलोड ट्रिप होऊन यंत्र आपोआप बंद पडणार. नाहीतर मोटर चालवायला लागणारा कपॅसिटर फुगणार. फेब्रुवारीत पंप लावून जाळी धुऊन घेतली असती तर बहुधा ही वेळ आली नसती. फेब्रुवारीत मेकॅनिक रिकामे असतात, पण तेव्हा त्यांना कोणी फोन करत नाही. पहिला फोन जातो तो घामाची धार लागल्यावर.

आता सुट्टीचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पण कायदा लिहिला गेला तो दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी. आपल्याकडे येणारा मेकॅनिक म्हणजे एक गाळा, एक स्कूटर आणि एक पोरगा हाताखाली. त्याला पगारी सुट्टी कोण देणार? तो घरी बसला की त्या दिवसाची कमाई बुडाली. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत त्याला रविवार नसतो. त्यातून एक दिवस मुलांसोबत काढला तर तो माजला?

आणि दुप्पट पैशांचं एवढं काय वाटतं? कारखान्यातल्या जादा कामाला दुप्पट दर १९४८ च्या कायद्यापासून आहे. तुमच्या-आमच्यातले कितीतरी जण त्याच ओव्हरटाइमवर घरं बांधून बसलेत.

सुट्टीच्या दिवशी हजर राहण्याची जबाबदारी आहे, पण ती देखभालीच्या वार्षिक कराराचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांची. त्यांनी पाळीने माणूस ठेवावा, त्याला जादा पैसे आणि बदली सुट्टी द्यावी. एकट्या मेकॅनिकवर ही जबरदस्ती करायचा आपल्याला हक्क नाही.

मनीषनगरची

लेख छान आहे, थंड खोलीत बसून लिहिलेला दिसतो.

माझी आई ८२ वर्षांची, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे. घाम साचला की दोन दिवसांत कातडी लाल होते आणि मग सोलते. डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितलंय. तिच्यासाठी एसी चैन नाही.

मागच्या अक्षय्य तृतीयेला एसी बंद पडला. आमचा वार्षिक करार होता, पैसे भरलेले होते, फेब्रुवारीत सर्व्हिसिंगही झालं होतं. फोन केला तर "तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत माणूस येईल". आला चौथ्या दिवशी. तोवर मी ओली चादर दाराला लावून आईला पंख्याखाली कुशीवर वळवत बसले होते. आता सांगा, जाळी मी धुतली नव्हती का?

औषधाची दुकानं सणाला आळीपाळीने उघडी राहतात, दवाखान्यात नर्स दिवाळीला ड्युटी करतात. मग एसीवालेच काय ते वेगळे?

धंतोलीकर

ताई, शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. करार घेणाऱ्याने माणूस ठेवायलाच हवा, हेच मी म्हणतोय. नर्सला पाळी लावून देणारं आणि पगार देणारं रुग्णालय असतं. गाळ्यातल्या मेकॅनिकला तसं कोण आहे?

मनीषनगरची

वाचला. लेखभर आम्हाला झोडपून शेवटी दोन ओळी. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला मेकॅनिक कंपनीतून आला की गाळ्यातून आला याच्याशी काय देणंघेणं?

गॅसपीडित

मेकॅनिकांची एवढी कड घेऊन राहिले, तर एक सांगा. दरवर्षी "गॅस गेला" कसा काय निघतो? मागच्या एप्रिलमध्ये भरला, यंदा पुन्हा तेच. गडी आला, दहा मिनिटांत गेज लावलं, मान हलवली, "पूर्ण गॅस मारावा लागेल". मोटारीच्या पेट्रोलसारखा संपतो का गॅस? सुट्टी घ्या, महिनाभर घ्या, पण ही लूट आधी बंद करा.

कंप्रेसर_३६

मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. गॅस संपत नाही. पाइप बंदिस्त असतो, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न काढता नुसता गॅस मारणारा माणूस खोटं काम करतो, हे मी माझ्याच लाइनीतल्या लोकांबद्दल म्हणतो.

खरं काम असं असतं: नायट्रोजन भरून प्रेशर धरायचं, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतील तिथे नट नवीन करायचा किंवा ब्रेझिंग करायचं, म्हणजे टॉर्चने सांधायचं. मग पाइपातली हवा काढायला व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवायचा आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. याला तीन तास लागतात. मे महिन्यात दिवसाचे दहा कॉल असतात आणि प्रत्येक कस्टमर म्हणतो, "ते सगळं नंतर बघू, आत्ता थंड करून द्या." नंतर म्हणजे कधी? पावसात फोन केला तर म्हणतात, आता गरज नाही.

आणि बारानंतर गच्चीवर काम करून बघा. पाना उन्हात ठेवला तर हातात धरवत नाही, फडक्यात गुंडाळून धरावा लागतो. फ्लॅट असेल तर युनिट चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर, पट्टा बांधायला एक हूक नाही. बिल्डर जागा सोडत नाही आणि तुम्ही आम्हाला विचारता उशीर काहून झाला.

गॅसपीडित

म्हणजे लूट होते हे कबूल केलंत. धन्यवाद.

कंप्रेसर_३६

काही लोक करतात हे कबूल. तुम्ही तीन तासांच्या कामाचे पैसे द्यायला तयार नव्हता, हे तुम्ही कबूल करता का?

वाळ्याची_ताटी

विदर्भात एसीची गरजच काय? आमच्याकडे अजून लोखंडी कूलर आहे. होळी झाली की बाहेर काढायचा, गवत बदलायचं, ताटीला पाणी सोडायचं. पंप बंद पडला तर घरचा पोरगा बदलतो, मेकॅनिकच्या सुट्टीचा प्रश्नच येत नाही. एसीनं सगळ्यांना परावलंबी केलं. प्रत्येक एसी गल्लीत गरम हवा फेकतो तो वेगळाच.

ठाणेकर

नागपुरात बसून सोपं आहे. ठाण्यात मे महिन्यात हवेतच एवढा ओलावा असतो की कूलरचं पाणी उडतच नाही. नुसती दमट हवा अंगावर येते आणि भिंतीला बुरशी धरते. सगळ्या महाराष्ट्राला एकच औषध देऊ नका.

मनीषनगरची

कूलरवाल्यांनी एवढा अभिमान बाळगू नये. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. पत्र्याचा डबा, खाली ओली फरशी, अर्थिंग नाही, प्लग दोन पिनांचा. आमच्या नात्यातला मुलगा पाणी भरताना चिकटला होता, नशीब म्हणून वाचला. सर्किटला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि पाणी भरताना प्लग काढा, मग बोला.

वाळ्याची_ताटी

अर्थिंगचं बरोबर आहे. आमच्याकडे आहे. पाण्याचं मात्र खरंच कठीण झालंय, कारण अर्धी गल्ली नळाला टिल्लू पंप लावून ओढते आणि आमच्या टोकाला थेंब येत नाही. त्यावर कोणी धागा काढत नाही!

ठाणेकर

आता नळावर नका जाऊ.

मिशिगन_लेककाठी

शिकागोहून लिहितोय. उलट्या ऋतूतली पण तीच कथा. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या रात्री घरातली जुनी फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) बंद पडली, बाहेर बर्फ. पाळीवरचा तंत्रज्ञ रात्री अकराला आला, सुट्टीचा दर आधीच फोनवर सांगून. त्याला वाटलं होतं इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, गेला असेल. पण आत कॅमेरा घातला तर ज्वाळेची उष्णता घरच्या हवेला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला चीर गेलेली. चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, म्हणून त्याने गॅस बंद करून फर्नेसला लाल चिठ्ठी लावली आणि निघून गेला. नवी फर्नेस सोमवारी आली. तोवर आम्ही विजेच्या हीटरवर एका खोलीत. सुट्टीला माणूस येणं वेगळं आणि सुट्टीला घर गरम होणं वेगळं. यंत्र म्हातारं असेल तर पाळीवाला तरी काय करणार?

दुसरं, मे २०२२ मध्ये इथल्या रॉजर्स पार्कमधल्या ज्येष्ठांच्या इमारतीत तीन बायका उकाड्याने मरण पावल्या. उकाडा वेळेआधी आला आणि इमारतीत हीटिंग चालूच होतं. शहराचा नियम घरमालकाने १ जूनपर्यंत किमान उष्णता राखावी असा. बाहेर कडक ऊन असताना हीटर चालवा, असं त्यात कुठेही नाही. रहिवासी तक्रारी करत होते. त्यानंतर शहराने ज्येष्ठांच्या इमारतींत थंड केलेली सामाईक खोली सक्तीची केली. तारखेवर बोट ठेवून बसलेला व्यवस्थापक मेकॅनिकच्या सुट्टीपेक्षा जास्त घातक असतो.

गॅसपीडित

शिकागोला कायदे आहेत, तपासणारे आहेत. इथे त्याचा काय उपयोग? डॉलर मोजून रात्री अकराला माणूस बोलावणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

मिशिगन_लेककाठी

मी शिकवत नाहीये. त्या बायका गरीब होत्या, डॉलर मोजणाऱ्या नव्हत्या. सामाईक थंड खोली तुमच्या सोसायटीतही होऊ शकते, एवढंच सांगतोय.

मनीषनगरची

हे मात्र कामाचं आहे. सोसायटीचं क्लब हाउस वर्षभर बंद असतं, तिथे एक चालू एसी असता तर आईला चार तास तरी नेता आलं असतं.

गॅसपीडित

मूळ मुद्द्यावर या. धागाकर्ते म्हणतात जुना एसी, जुना एसी. मग काय दर दहा वर्षांनी फेकायचा? सर्व्हिसवाले म्हणतात "तुमच्या मॉडेलचा पार्ट येत नाही". पार्ट बंद करणारेही तेच आणि नवा विकणारेही तेच. माझा आर-२२ वाला अजून चांगला गारवा देतो. आणि नव्या एसीतला आर-३२ गॅस पेट घेतो म्हणे. घरात बॉम्ब ठेवू का?

कंप्रेसर_३६

आर-३२ पेट घेऊ शकतो, पण सहज नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर त्याहून कितीतरी ज्वालाग्राही आहे, तो तर सगळ्यांच्या ओट्याखाली असतो. धोका आहे तो न शिकलेला माणूस गॅस न काढता पाइपला टॉर्च लावतो तेव्हा. म्हणून काम कोणाकडून करून घेता ते महत्त्वाचं.

आर-२२ ओझोनला मारक म्हणून बंद होत चाललाय. मॉन्ट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांना तो २०३० पर्यंत जवळपास संपवायचा आहे, त्यानंतर दुरुस्तीपुरता थोडासा. म्हणून तो महाग होतोय, आम्ही भाव चढवून नाही मागत. काही जण तुमच्या आर-२२ मशीनमध्ये दुसराच गॅस मारून देतात. आर-२२ चं बॅक प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं) साठ-सत्तर पीएसआय चालतं, आर-३२ चं साधारण त्याच्या दुप्पट. जुना कॉम्प्रेसर आणि जुने जोड त्यासाठी बनलेलेच नाहीत. सिलिंडरवरचं नाव बघितल्याशिवाय गॅस मारू देऊ नका.

धंतोलीकर

एसी फेका असं मी कुठे म्हटलं? चालतो तोवर चालवा. पण पंधरा वर्षांचं यंत्र ठेवायचं असेल तर ते मे महिन्यात दगा देणार हे धरून चला, आणि फेब्रुवारीत त्यावर पैसे घाला. दोन्ही टाळायचं आणि मग १ मेला दुसऱ्याच्या सुट्टीवर राग काढायचा, याला माझा विरोध आहे.

मनीषनगरच्या ताईंचं प्रकरण वेगळं आहे. त्यांनी सगळं केलं होतं. तिथे दोष करार करणाऱ्याचा, आणि ते मी पहिल्यांदाच आणखी ठळक लिहायला हवं होतं असं त्यांना वाटत असेल तर वाटो. आमच्या सोसायटीचे करार जूनमध्ये नवे होतात. त्यात तीन ओळी घालायला मी सांगणार आहे: मार्च ते जून सुट्टीच्या दिवशी २४ तासांत माणूस, आजारी किंवा ७५ च्या वरचं माणूस घरात असेल तर आधी तिथे, आणि सुट्टीला येणाऱ्या मुलाला जादा पैसे मिळाल्याची पावती. तिसरी ओळ नसेल तर मी सही करणार नाही.

मनीषनगरची

पहिल्या दोन ओळी मला पाठवा, आमच्याकडेही घालते. तिसरी घातली तर दर वाढवतील आणि तो आमच्याच माथी बसेल.

कंप्रेसर_३६

ताई, तिसरी नसेल तर पहिल्या दोन ओळी आमच्याच पोरांच्या माथी बसतात. कंपनीच्या कामाला गेलेल्या पोराला सुट्टीचं काहीच मिळत नाही, कॉलमागे ठरलेले तेवढेच.

मनीषनगरची

बरं. तिसरीही पाठवा. पण चौथा दिवस मी विसरणार नाही.

गॅसपीडित

सगळे गोड झाले. माझ्या गॅसचं काय?

कंप्रेसर_३६

आउटडोअर युनिटला जिथे दोन तांब्याचे पाइप जोडलेत, त्या पितळी नटांपाशी बघा. तेलकट डाग आहे का? गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ चिकटून काळं होतं.

गॅसपीडित

जाड पाइपाच्या नटाखाली आहे. मागच्या वर्षीही होता, त्या गड्याने नुसतं पुसलं होतं.

कंप्रेसर_३६

मग लीक तिथेच असणार. फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पाइपाचं पसरट टोक, नवा करून द्यायला सांगा, त्याशिवाय गॅस मारू देऊ नका. आणि सकाळी आठच्या आत बोलवा.